माटोळीची यादी

श्रावण संपत आला की गोव्यातल्या घराघरांत एक यादी निघते. वाण्याकडची नव्हे, ती वेगळी. ही यादी बहुतेक घरांत कागदावर नसतेच, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्यात असते. नारळांची पेंड, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड, तवशी, नीरफणस, तोरंजन, आंबाडे, फागलां... इथपर्यंत सगळे ठीक. पण पुढे ती यादी रानात शिरते आणि कवंडळ, करमळ, नागलकुडा, कांगणी, घागऱ्या, शेरवड अशी नावे येऊ लागली की शहरात वाढलेली मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ही आपल्या माटोळीची यादी. चवथीची आरास म्हटले की आता मखर, थर्माकोल, लुकलुकणारे दिवे डोळ्यांसमोर येतात. पण गोमंतकीय घराची खरी आरास गणपतीच्या मागे नसते, ती त्याच्या डोक्यावर असते.

आमच्या बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गणपती जिथे बसवायचा तिथे वर छताला एक लाकडी चौकट टांगतात. तिच्यावर पोफळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्या आडव्याउभ्या बसवलेल्या असतात. चवथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तयेला, या चौकटीला आंब्याचे टाळे आणि फळे, फुले, शेंगा, वेली बांधतात. बांधायला सुतळी चालते, पण जुन्या पद्धतीने बांधायचे तर केवणीच्या सालीचा दोर हवा. सगळे बांधून झाले की गणपतीच्या डोक्यावर हिरवेगार छप्पर तयार होते. ही माटोळी. माटव म्हणजे मांडव, त्याच्याशी या शब्दाचे नाते उघड आहे. सिंधुदुर्गात हिलाच माटवी म्हणतात, कारवार-अंकोल्याकडे फळावळी म्हणतात. घाटावर मात्र ही पद्धत नाही. म्हणजे ही सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीची आरास आहे. ज्यांच्या पाठीशी रान आणि अंगणात कुळागर, त्यांची.

आता या पद्धतीला किती वर्षे झाली असतील? आम्ही सरकारी नोकर. जावक क्रमांक आणि तारीख नसेल तर कागदावर विश्वास न ठेवण्याची सवय हाडात भिनलेली. माटोळीचा असा काही आवक-जावक क्रमांक नाही. पण एखादी गोष्ट कधी सुरू झाली हे सांगता आले नाही, तरी ती कशातून आली हे तिच्याकडे नीट पाहिले की बरेचसे कळते. माटोळीत विकत घेतलेला दागिना नाही, सोने नाही, कापड नाही. भाद्रपदात आपल्या जमिनीत आणि रानात जे जे पिकते, फळते, फुलते ते ते आधी देवापुढे आणून टांगायचे, हा तिचा साधा नियम. पहिले पीक देवाला दाखवल्याशिवाय खायचे नाही, हा शेतकऱ्याचा जुना रिवाज. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, आपण भाताची नवी कणसे पुजतो आणि दारावर बांधतो, तोही त्यातलाच.

विशेष म्हणजे हा रिवाज धर्म बदलला तरी सुटला नाही. आपले ख्रिस्ती बांधव याच दिवसांत कणसांचे फेस्त करतात. रायात ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ऑगस्टला नवी कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात आणि घरोघर वाटतात. एका घरात कणीस क्रॉसपाशी जाते, शेजारच्या घरात दाराच्या चौकटीला. शेत मात्र तेच.

हा रिवाज टिकला खरा, पण सुखासुखी टिकलेला नाही. १५१० साली आफोंस द आल्बुकर्कने तिसवाडी घेतली. १५४० साली तिथली देवळे पाडली गेली. १५४३ साली बारदेश आणि सासष्टी पोर्तुगिजांकडे आली आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत तिथेही तेच झाले. देव रातोरात नदीपलीकडे गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, दिवाडीचा गणपती फिरत फिरत खांडोळ्याला. १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिने हिंदूंच्या उघड धर्मविधींवर निर्बंध मागितले आणि लागलीच सरकारी हुकूमही निघाले.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका कागद आहे तो १७३६ सालचा. अ. का. प्रियोळकरांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा इंग्रजी ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात या जाहीरनाम्याची हकीकत वाचायला मिळते. तो हिंदूंसाठी नव्हता, बाटलेल्या स्थानिक ख्रिश्चनांसाठी होता. त्यात बंदी कशाकशावर आहे पाहा. अंगणात तुळस लावायची नाही, असली तर उपटून टाकायची. लग्नाच्या निमित्ताने फुले, विड्याची पाने, सुपारी पाठवायची नाही. पुरुषांनी पुडवे नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. बिनमिठाचा भातसुद्धा शिजवायचा नाही!

हा कागद दोनदा वाचण्यासारखा आहे. देवळे पाडून पावणेदोनशे-दोनशे वर्षे झाली होती. मूर्ती उरल्या नव्हत्या. तरीही सत्तेला भीती वाटत होती ती पानाची, फुलाची, सुपारीची. कारण माणसाची खरी ओळख देवळात जेवढी असते त्याहून जास्त ती अंगणात आणि स्वयंपाकघरात असते, हे त्या अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले कळले होते. अशा हुकुमाची यादी आणि आपल्या माटोळीची यादी शेजारी शेजारी ठेवली तर एकाच घराच्या दोन बाजू दिसतात. एक यादी काय पुसायचे ते सांगते, दुसरी काय जपायचे ते.

काही गोमंतकीय घराण्यांत आजही चवथीला मातीची मूर्ती येत नाही. कागदावर काढलेला गणपती पुजतात, नाहीतर नुसती पत्री. मूर्ती बाळगणे धोक्याचे होते त्या काळात पूर्वजांनी ही वाट काढली, असे त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कागद घडी घालून ठेवता येतो. पत्री तर काय, पावसाळ्यात कुठेही उगवते, आणि ती पूजेची की गुरांच्या चाऱ्याची हे पाहणाऱ्याला कळतही नाही. माटोळी त्या काळात लपवण्यासाठी निर्माण झाली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला आधार नाही आणि सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातही ती आहेच. पण मूर्ती नसली तरी पानाफळांनी देव उभा करता येतो, ही खात्री आपल्या लोकांना होती, आणि ती कामी आली एवढे नक्की. फोंडा महाल आणि इतर नव्या काबिजादी १७६३ ते १७८८ या काळात पोर्तुगिजांकडे आल्या. तोवर त्यांचा तो जुना आवेश ओसरत चालला होता. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. आज माटोळीची सर्वांत भरगच्च परंपरा फोंडा, सत्तरी, डिचोली, सांगे या बाजूला दिसते. त्यामागे तिथले रान आहे तसा हा इतिहासही आहे.

आता या इतिहासाची गंमत पाहा. आजच्या माटोळीत अननस असतो, पपई असते, पेरू असतो, सीताफळ असते. ही सारी फळे मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती आली पोर्तुगीज गलबतांतून. अननस हा शब्दसुद्धा त्यांच्याच तोंडचा. ज्या राजवटीने तुळस उपटायला लावली तिनेच आणलेले अननस आपण गणपतीच्या डोक्यावर बांधले आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटले नाही. माटोळीने कुणाला परके म्हटले नाही. जे आपल्या मातीत रुजले, फळले, ते आपले. अलीकडे हिमाचलची सफरचंदेही टांगलेली दिसतात. ती काही आपल्या मातीत रुजलेली नाहीत, पण आता त्यांनाही कुणी अडवत नाही. असो.

माझ्या मते माटोळीचा गाभा आहे तो तिच्या रानातल्या भागात. माट्टीची पाच पंखांची फळे पाहिलीत? चांदणीसारखी दिसतात. नागलकुड्याची जोडीने येणारी नारिंगी फळे, कवंडळाचे लालभडक गोळे, कांगणीचे पिवळे घोस, शेरवडाची पांढरीशुभ्र पाने, हलवले की खुळखुळ्यासारख्या वाजणाऱ्या घागऱ्या. बाजारातली कुठली शोभेची वस्तू याच्या जवळपास येईल? आणि यातले पुष्कळसे खाण्याचे नाहीच. कवंडळ कडूजहर. कळलावीचे फूल दिसायला ज्वाळेसारखे, पण तिचा कंद विषारी. दुसरीकडे कुडा हा पोटाच्या विकारांवरचा, केवणीची मुरडलेली शेंग बाळाच्या पोटदुखीवरची. म्हणजे खाद्य, औषध आणि विष, तिन्ही एकाच चौकटीला बांधलेले. वर्षातून एकदा अख्खे घर वर मान करून बसायचे, आजोबा एकेकाचे नाव सांगायचे, हे खायचे, हे हुंगायचेसुद्धा नाही, हे उगाळून द्यायचे. वनस्पतिशास्त्राचा याहून सोपा वर्ग कुठे भरत असेल असे मला वाटत नाही. आमच्या कार्यालयात दरवर्षी साठ्याची मोजणी होते, टेबले किती, खुर्च्या किती, कपाटे किती. माटोळी ही गावाच्या रानाची तशीच वार्षिक मोजणी होती. एखादे फळ यंदा मिळाले नाही तर चार घरांत चर्चा व्हायची, कुठले झाड गेले, कुणी तोडले.

ही मोजणी आता कोण करतो? चवथीच्या आधी पणजी, म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या बाजारात माटोळीचे सामान घेऊन गावोगावच्या बायका रस्त्याकडेला बसतात. आपण गाडी थांबवतो, काच खाली करतो, जुडी घेतो, पैसे देतो. जुडीत काय आहे ते आपण विचारत नाही. ज्ञान त्या बाईपाशी राहते, आरास आपल्या घरी येते. त्या बाईने ते पहाटे कुठल्या डोंगरावरून आणले, तो डोंगर अजून आहे का, हेही आपण विचारत नाही. डिचोली, सांगे, केपे भागातले किती डोंगर खाणींनी खाल्ले हे वेगळे सांगायला नको. खाणी २०१२ साली थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, पण गेलेली कांगणी आणि करमळ त्याने परत आली नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली झाली. रान वाचवायला ती हवीतच. पण माटोळीपुरते दोन घोस आणणाऱ्या माणसालाही आता बिचकून रानात जावे लागते.

राज्याचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते, हे चांगलेच आहे. तिच्यामुळे कित्येक विसरलेली नावे पुन्हा कागदावर आली. स्पर्धक शेकडो जिन्नस जमवतात, प्रत्येकाला चिठ्ठी लावतात. पण स्पर्धा म्हटली की आकडा वाढवण्याची हौस येते आणि मग दुर्मीळ वेल मुळासकट उपटून आणण्यापर्यंत मजल जाते. माटोळीचा मूळ नियम नेमका उलटा होता. थोडे घ्यायचे, झाड ठेवायचे, पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची माटोळी आहे. एकदा घेतली की दरवर्षी धुऊन वापरता येते, त्रास नाही. तिच्यावर मी रागावणार नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दोघेही नोकरी करणाऱ्या माणसांना रान कुठून आणा म्हणायचे? पण प्लॅस्टिकचे कवंडळ कडू नसते, एवढेच लक्षात ठेवावे. त्याच्यावरून कुणाला काही शिकवता येत नाही.

म्हणून या चवथीला एक छोटे काम सुचवतो. डोक्यातली यादी एका वहीत उतरवून घ्या. नाव लिहा, शेजारच्या गावात दुसरे नाव असेल तर तेही लिहा. कुठून आणले ते लिहा, कशाला उपयोगी ते लिहा. यंदा जे मिळाले नाही त्यापुढे 'मिळाले नाही' असे स्पष्ट लिहा, कारण दहा वर्षांनी तीच नोंद सर्वांत मोलाची ठरेल. परसात जागा असेल तर एखादे झाड त्या यादीतले लावा. लेकीच्या पहिल्या चवथीला वजें पाठवाल तेव्हा लाडू-नेवऱ्यांबरोबर या यादीची एक प्रतही पाठवा. जाहीरनामे काढणाऱ्यांनी आपल्या घरातले काय काय पुसायचे ते मोठ्या तपशिलाने लिहून ठेवले होते. काय जपायचे ते आपणही तेवढ्याच तपशिलाने लिहून ठेवायला हरकत नाही.

तुमच्या गावच्या माटोळीत वर न आलेले एखादे नाव असेल तर जरूर कळवा.