लाकूड खाणारं झुरळ : वाळवीचा जंगलातला भाऊबंद

झुरळ म्हटलं की ओट्याखालची फट आणि हातातली चप्पल आठवते. पण जगभरात झुरळांच्या ४ हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या मोजक्याच माणसाच्या घरात घुसतात. बाकीच्या बहुतेक बाहेरच राहतात. त्यातलंच एक म्हणजे क्रिप्टोसर्कस.

कुठे राहतं?

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत आणि पश्चिम भागात, तसंच चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलांत. याला पंख नसतात. जमिनीवर पडून कुजणारा ओंडका हेच त्याचं घर आणि तेच जेवण.

लाकूड पचतं कसं?

त्याच्या आतड्यातले एकपेशीय सूक्ष्मजीव लाकडातलं सेल्युलोज फोडतात. एल. आर. क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पिल्लं मात्र हे सूक्ष्मजीव घेऊन जन्मत नाहीत. आईबापांच्या गुदद्वारातून येणारा द्रव पिऊन ते त्यांना मिळतात. किळस आली? पण हा ठेवा मिळाला नाही, तर पोटभर लाकूड खाऊनही पिल्लू उपाशीच राहील. म्हणूनच नर-मादी दोघंही पिल्लांसोबत राहतात. साधारणपणे आयुष्यात एकदाच पिल्लं होतात आणि त्यांचा सांभाळ तीन वर्षं किंवा त्याहूनही जास्त चालतो.

वाळवीशी काय नातं?

वाळवीला आपण ‘पांढरी मुंगी’ म्हणतो, पण ती मुंगी नाहीच. २००७ मध्ये डीएनए अभ्यासातून स्पष्ट झालं की वाळवी झुरळांच्याच कुळातली आहे आणि तिचा सर्वात जवळचा नातेवाईक आहे क्रिप्टोसर्कस.

एक झुरळ परत आलं

लाकूड खाणाऱ्या झुरळांचा दुसरा एक गट ऑस्ट्रेलिया आणि आशियात आहे. त्यातली एक जात ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर होती. १९१८ मध्ये तिथे एक जहाज खडकावर आदळलं आणि त्यातून उंदीर बेटावर उतरले. पुढे मुख्य बेटावरून हे झुरळ दिसेनासं झालं. जवळच्या छोट्या बेटांवर तेवढं ते तगून होतं. २०१९ मध्ये उंदरांविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि २०२२ मध्ये मुख्य बेटावरच, एका वडाखाली, हे झुरळ पुन्हा सापडलं.

ही झुरळं लाकूड कुरतडून बारीक करतात, त्यामुळे त्यातली पोषकद्रव्यं मातीत लवकर परततात. जंगलातला पडका ओंडका आपल्याला कचरा वाटतो. तो उचलून नेला, तर आतल्या कुटुंबाचं घर आणि जेवण एकदमच जातं.