श्वासावर बांधलेली प्रार्थना

ख्रिस्ती ध्यानाचे मूळ चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात आहे. तिथे एकांतात राहणारे साधक बायबलमधले एखादे छोटे वचन दिवसभर मनात घोळवत असत. त्यांच्या सहवासात राहून आलेल्या जॉन कॅशियनने पाचव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत लॅटिनमध्ये नोंदवून ठेवली. देवाला मदतीसाठी हाक मारणारी सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ घ्यायची आणि उठता-बसता, काम करताना, झोप लागेपर्यंत तीच म्हणत राहायची, एवढाच तो नियम. नामस्मरणाची सवय असलेल्या महाराष्ट्राला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ग्रीक ख्रिस्ती जगात या हाकेत येशूचे नाव आले आणि तिला श्वासाची जोड मिळाली. ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरचे हेसिकॅस्ट साधू बसून, मान झुकवून, श्वास मंदावत येशूचे नाव घेत. तेराव्या शतकातल्या निकेफोरोस नावाच्या साधूने ही कृती लिहून ठेवली आहे: श्वास नाकातून आत जातो त्याच वाटेने मनालाही हृदयात उतरवावे आणि तिथेच थांबवावे. चौदाव्या शतकात दक्षिण इटलीतून आलेल्या बारलाम या विद्वानाने या साधूंची थट्टा केली. यांचा आत्मा नाभीत असतो, असे तो म्हणाला. साधू ग्रेगरी पालामासने त्याला उत्तर दिले. शरीर देवानेच घडवलेले आहे, तेव्हा मन शरीरात गोळा करण्यात गैर काय, असा त्याचा प्रश्न होता. श्वासाची युक्ती मुख्यतः नवशिक्याच्या मदतीसाठी आहे, हेही त्याने मान्य केले. कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ आणि १३५१ च्या धर्मसभांनी पालामासच्या बाजूने निर्णय दिला. शरीर आणि श्वास वापरून केलेली प्रार्थना ख्रिस्ती असू शकते का, हा विसाव्या शतकात पुन्हा गाजलेला वाद पौर्वात्य चर्चमध्ये सहाशे वर्षांपूर्वीच लढला गेला होता.

पश्चिम युरोप दुसऱ्या वाटेने गेला. बाराव्या शतकात गिगो या कार्थुसियन साधूने वाचन, चिंतन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसने तीस दिवसांचा साधनाक्रम बांधला आणि १५४८ मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. त्यात कल्पनाशक्तीला पूर्ण वाव आहे: येशूच्या जन्माची गुहा किती मोठी, किती उंच, तिथली माणसे काय बोलतात, हे साधकाने मनासमोर उभे करायचे. या साधनाक्रमाच्या पुस्तकात पुढे प्रार्थनेची आणखी एक रीत आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. प्रभूच्या प्रार्थनेतला एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर घ्यायचा आणि दोन श्वासांच्या मधल्या अवकाशात त्या शब्दाच्या अर्थाकडे, किंवा ज्याला तो उद्देशून आहे त्याच्याकडे, लक्ष ठेवायचे.

पुढे पश्चिमेत निःशब्द ध्यानाबद्दल संशय बळावला. स्वतःचे सगळे प्रयत्न सोडून देवापुढे स्वस्थ राहावे, असे शिकवणाऱ्या मिगेल द मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची मते १६८७ मध्ये रोमने निषिद्ध ठरवली. त्यानंतर सामान्य भाविकाच्या वाट्याला मुख्यतः शब्दांची आणि विचारांची प्रार्थना उरली. युरोपीय मिशनरी हिंदुस्थानात ध्यानस्थ बसलेला माणूस पाहून बिचकले, त्यामागे या विस्मृतीचाही मोठा भाग होता.

आसन, श्वास आणि पुनरुक्ती दोन्हीकडे आहेत. खरा फरक शेवटच्या टप्प्यावर दिसतो. पतंजलीच्या योगात चित्तवृत्ती शांत झाल्यावर पुरुष, म्हणजे द्रष्टा, आपल्या स्वरूपात राहतो. बौद्ध विपश्यनेत श्वास आणि संवेदना पाहता पाहता ‘मी’ म्हणून धरून ठेवावे असे काहीच उरत नाही. ख्रिस्ती ध्यानात मात्र देव आणि भक्त हे दोघे शेवटपर्यंत राहतात, आणि त्यांची भेट ही देवाची कृपा असते, तंत्राचे फळ नसते. पण ही रेघ पूर्व-पश्चिम अशी सरळ ओढता येत नाही. पतंजलीनेही ईश्वरप्रणिधान आणि ओंकाराचा जप सांगितला आहे, आणि भक्तिसंप्रदायाचा प्राण तर देव-भक्ताच्या नात्यातच आहे.

म्हणूनच महाराष्ट्रात ख्रिस्ती आणि भारतीय साधनेचा संवाद भक्तीच्या अंगाने सुरू झाला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभा केला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला, आणि काही वर्षांनी पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. तमिळनाडूत कावेरीकाठी कुळितलैजवळ १९५० मध्ये ज्यूल मोंशानँ आणि आंरी ल सो या फ्रेंच धर्मगुरूंनी शांतिवनम् हा आश्रम काढला. ल सो यांनी पुढे अभिषिक्तानंद हे नाव घेतले. रमण महर्षींच्या दर्शनाने ते मुळापासून हलले होते. अद्वैताचा अनुभव आणि त्रैक्याची श्रद्धा यांचा मेळ घालण्याची त्यांची ओढाताण १९७३ मध्ये इंदूरला मृत्यू येईपर्यंत चालू राहिली. ती त्यांनी दैनंदिनीत लपवाछपवी न करता नोंदवली आहे, आणि या सगळ्या इतिहासात तिच्याइतका प्रामाणिक दस्तऐवज क्वचितच सापडेल.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर करायचा नाही, असे जाहीर केले. त्या मोकळ्या हवेत मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो पुण्यात ‘साधना’ शिबिरे घेऊ लागले. ते काम पुढे लोणावळ्याला गेले. स्वतः बौद्ध शिबिरात बसून आलेल्या डिमेलोंचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ मध्ये गुजरातेतल्या आणंदहून निघाले. त्याच्या आरंभीच्या अभ्यासांत शरीराकडे लक्ष देणे येते. साधकाने स्वस्थ बसायचे आणि खांद्यांना होणारा कपड्यांचा स्पर्श, पाठीला लागणारी खुर्ची, एकमेकांना टेकलेले हात असे एकेक ठिकाण फक्त जाणायचे. मग श्वास येतो. त्यानंतर आत घेतलेली हवा देवाच्या सान्निध्याने भरलेली आहे, असे मानून श्वास घ्यायचा. कल्पनेचे आणि भक्तीचे अभ्यास त्याच्याही पुढे आहेत. म्हणजे विपश्यनेच्या दाराने आत आलेला साधक अखेर इग्नेशियसच्या घरातच पोहोचतो.

१५ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी पत्र काढले. त्याखाली कार्डिनल रात्झिंगर यांची सही होती. पूर्वेकडच्या पद्धती सरसकट टाकाऊ नाहीत, असे पत्र सांगते. आसन आणि श्वास यांची मदत होते, हे मान्य करताना ते पौर्वात्य चर्चचाच दाखला देते. पण शरीराच्या शांततेलाच पवित्र आत्म्याचा अनुभव समजण्याच्या चुकीपासून सावध करते, आणि प्रार्थना हा देवाशी संवाद आहे यावर ठाम राहते. पालामासने धरलेला तोल इथेही बराचसा दिसतो.

डिमेलोंच्या वाट्याला मात्र अधिक कठोर शब्द आले. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले आणि अकरा वर्षांनी, जून १९९८ मध्ये, त्याच मंडळाने त्यांच्या लेखनावर अधिसूचना काढली. आरंभीची पुस्तके बौद्ध आणि ताओ विचारांच्या प्रभावाखाली असली तरी ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत बसतात, असे तिने म्हटले. नंतरच्या लेखनात मात्र देवाचे व्यक्तिरूप हरवत जाते आणि येशू अनेक गुरूंपैकी एक ठरतो, असा आक्षेप होता. चर्चचा रोख श्वासावर नव्हता, श्वासाच्या पलीकडे कोण भेटते यावर होता, आणि वादाचा मुद्दा म्हणून तो अगदी नेमका आहे. पुस्तके पुढेही निघत राहिली. ती बहुधर्मीय परिस्थितीत, इतर धर्मीय, अज्ञेयवादी आणि नास्तिक वाचकांच्या शोधाला मदत म्हणून लिहिली गेली आणि कॅथलिक सिद्धांताची पाठ्यपुस्तके म्हणून नव्हेत, अशी सूचना त्यांच्या पुढच्या आवृत्त्यांत छापली जाऊ लागली.