वाऱ्याने तोंड वाकडे होणे

वाऱ्याने तोंड वाकडे होणे : या विकाराची लक्षणे (एका बाजूचा डोळा न मिटणे, कपाळाला आठी न पडणे, चूळ भरताना पाणी ओघळणे) चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या लकव्याची आहेत. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी ही सातवी. हा तंतू कानाजवळच्या हाडातील अरुंद नळीतून बाहेर येतो. तिथे सूज आली की तो दाबला जातो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चवही तोच वाहून नेतो, म्हणून काही रुग्णांची चव जाते. गालाची स्पर्शसंवेदना आणि चावण्याचे बळ पाचव्या जोडीकडे असल्याने शाबूत राहते. पापणी उचलणे तिसरीचे काम. त्यामुळे डोळा उघडतो, पण मिटत नाही. मेंदूतील झटक्याने तोंड वाकडे झाल्यास मात्र कपाळावर सहसा आठ्या पडतात, कारण तेथील स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळतात. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल (१७७४–१८४२) यांच्या नावावरून सातव्या जोडीच्या या लकव्याला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. उपचार पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास अधिक लाभ होतो.