कोतवाल चावडीचा जमाखर्च

पुण्याचा कोतवाल म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घाशीराम उभा राहतो. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले आणि हे नाव परदेशापर्यंत पोचले. त्या नाटकावरून झालेल्या वादांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आम्हांस कुतूहल आहे ते व्यक्तीपेक्षा हुद्द्याचे. घाशीरामाच्या आधी पुण्यात कोतवाल होते, नंतरही झाले. त्यांच्या कचेरीत रोज सकाळी काय कामकाज चाले, कोणते कागद तयार होत, ते कोणाकडे जात आणि कोण तपाशी, हे प्रश्न राज्य शासनाच्या सेवेत सारी उमेद घालविलेल्या आमच्यासारख्याला पडणे स्वाभाविक आहे. लढाया आणि तह यांची हकीकत बखरकारांनी लिहून ठेवली. शहराचा रोजचा गाडा कसा हाकला जात होता, हे मात्र दफ्तरालाच विचारावे लागते.

सुदैवाने ते दफ्तर शिल्लक आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो मोडी रुमाल जपून ठेवलेले आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेल्या नोंदी पेशव्यांच्या रोजनिशीच्या खंडांतून प्रसिद्ध झाल्या. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. सरदेसाईंची उभी नोकरी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी झाली, हे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या घराण्यांनी अभिमानाने आठवावे. सुरेंद्रनाथ सेन या बंगाली विद्वानाने १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही कोतवालीचे विवेचन आहे. पुढील मजकूर या साधनांच्या आधारेच मांडीत आहोत.

प्रथम शहराविषयी. बाजीरावांनी पुणे आपले ठाणे केले आणि १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी झाली, तेव्हा जुन्या कसब्याभोवतीची वस्ती बेताचीच होती. पुढील साठ वर्षांत तिच्याभोवती पेठा उभ्या राहिल्या. पेठ वसविण्याची रीत ठरलेली होती. एखाद्या कर्त्या माणसाला कौल मिळे, नव्याने येऊन राहणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना काही वर्षे करांची सूट मिळे, आणि वसविणाऱ्यास शेटेपणाचे वतन मिळे. पेठ भरली की तिथे कमाविसदार येई, चावडी येई. या साऱ्या पेठांवर नजर ठेवणारा अधिकारी म्हणजे कोतवाल. बुधवार पेठेतील कोतवाल चावडी हे त्याचे ठिकाण.

हा हुद्दा मराठ्यांनी नव्याने निर्माण केला असे नव्हे. अबुल फजलच्या ऐने-अकबरीत कोतवालाच्या कर्तव्यांचे सविस्तर वर्णन आहे. पुण्यातील कोतवालाच्या कामांची जी यादी दफ्तरातील कागदांतून हाती येते, ती वाचताना मात्र आजचा सरकारी नोकर थक्क होतो. पेठांतील महत्त्वाचे तंटे तोडणे, रस्ते, गल्ल्या आणि घरे यांच्या हद्दीवरून होणारी भांडणे मिटविणे, जिनसांचे भाव ठरविणे, घरे व जागा यांच्या खरेदीविक्रीवर देखरेख ठेवणे, शहरात कोण आले आणि कोण गेले याची नोंद ठेवणे, लोकसंख्येची मोजदाद करणे, सरकारी कामासाठी मजूर पुरविणे, जुगाराचे परवाने देणे, चोर पकडणे, आणि हे सर्व करून दरमहा हिशेब हुजूर दफ्तरात दाखल करणे!

आज याच कामांसाठी महानगरपालिका, पोलीस ठाणे, उपनिबंधक, नगरभूमापन, वजनेमापे, पुरवठा आणि न्यायालय अशा निदान सात दारी जावे लागते. एका दारी गेल्यावर दुसऱ्या दाराकडे बोट दाखविले जाते, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. तेव्हाच्या पुणेकराला एकच चावडी ठाऊक होती. शेजाऱ्याने ओटा रस्त्यात आणला, वाण्याने मापात मारले, घराचे खत पुरे करायचे आहे, गावाहून आलेला पाहुणा चार दिवस राहणार आहे; प्रत्येक बाबतीत पाऊल चावडीकडेच वळे. ही सोय लहान म्हणता येणार नाही. एका माणसाच्या हाती केवढी सत्ता एकवटली होती हेही त्याच यादीतून दिसते. त्याचा विचार पुढे करू.

कोतवालीच्या उत्पन्नाच्या बाबी त्या काळच्या शहराचे चित्रच उभे करतात. वजने आणि मापे तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारण्याबद्दल घ्यावयाची ‘बटछपाई’ ही एक बाब. शिक्का नसलेले शेर-पायली वापरणारा दुकानदार दंडास पात्र. दुसरी बाब गुन्हेगारीची, म्हणजे निरनिराळ्या अपराधांबद्दल वसूल झालेल्या दंडाची. तिसरी ‘पाटदाम’, विधवेच्या पुनर्विवाहावरील कर. ज्या जातींत पाट लावण्याची रूढी होती, त्यांच्याकडून तो घेतला जाई. दुकानदार आणि कारागीर यांच्याकडून मोहतर्फा आणि येणाऱ्या मालावर जकात या शहराच्या मोठ्या बाबी होत्या. कराच्या नावांवरूनही समाज कळतो. शिक्क्याची वजने बाळगणारा बाजार आणि दुसऱ्या लग्नाचा कर भरणारी बाई, दोघांचीही नोंद त्याच शाईने त्याच वहीत झालेली असे.

ज्यांची नावे वहीत सहसा येत नाहीत, अशीही माणसे होती. शहराचा मैला आणि केरकचरा वाहणारे हलालखोर आणि वेठीस धरलेले मजूर यांच्या श्रमांवर ही सारी व्यवस्था उभी होती. अस्पृश्य मानलेल्या जातींना याच शहरात वावरण्यावर जाचक बंधने होती. पेशवाईतील कारभाराचे गुणगान करताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दिवसाच्या कामकाजाइतकाच रात्रीचा बंदोबस्त प्रसिद्ध होता. पेशव्यांच्या फौजेत नोकरीस असलेला विल्यम टोन हा आयरिश अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहितो की, रात्री दहाला तोफ झाली की रस्त्यात दिसेल त्यास गस्तीचे लोक धरीत आणि सकाळी कोतवाल सोडीपर्यंत त्याला अटकेत राहावे लागे. अवेळी बाहेर पडल्याबद्दल खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अडकवून ठेवले होते, असेही तो सांगतो. गोष्ट खरी की ऐकीव, याचा निर्णय कठीण असला तरी शहरात अशी गोष्ट सांगितली जात होती यालाही अर्थ आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दुसऱ्या बाजीरावाच्या वेळच्या पुण्याच्या बंदोबस्ताविषयी बरे मत दिले आहे. त्या खात्यावर दरमहा नऊ हजार रुपये खर्च होत आणि मोठ्या चोऱ्या क्वचितच ऐकू येत, असे त्याचे म्हणणे. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याच्या व्यवस्थेला दिलेली ही पावती आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता घाशीरामाकडे वळू. घाशीराम सावळदास हा मूळचा औरंगाबादकडचा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. १७७७ मध्ये त्यास कोतवाली मिळाली आणि ती चौदा वर्षे त्याच्याकडे राहिली. नाना फडणीसांचा त्याच्यावर विश्वास होता. चौदा वर्षे म्हणजे लहान काळ नव्हे. एवढ्या काळात माणूस कचेरीत मुरतो, कचेरी माणसात मुरते. या अवधीत शहर वाढले, चावड्या वाढल्या, बंदोबस्त कडक झाला, आणि लोकांच्या तक्रारीही वाढल्या. रात्री धरलेल्याला सोडण्यासाठी पैसा उकळला जातो, अशी कुजबुज होती.

१७९१ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यास आलेल्या काही तेलंगी ब्राह्मणांना चोर समजून कोतवालाच्या लोकांनी धरले आणि एका कोंदट जागेत कोंडले. तिथे वारा नव्हता, पाणी नव्हते. मानाजी फाकड्याने कुलूप तोडून त्यांना बाहेर काढले, तोवर वीसहून अधिक जण गुदमरून मेले होते. घाशीरामाने हे लोक चोर होते असे नानांना कळविले होते. बातमी फुटताच मोठा जमाव नानांच्या दाराशी जमला आणि न्याय मागू लागला. चौकशीत खरे काय ते बाहेर आले. घाशीरामाला शहरातून मिरवून जमावाच्या हवाली करण्यात आले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

ही हकीकत आजवर बहुधा एका दुष्ट माणसाची म्हणून सांगितली गेली. कोणी तिच्यात नानांचा दोष पाहिला, कोणी पुण्याच्या ब्राह्मणी समाजाचा. आम्ही ती कचेरीच्या बाजूने वाचतो, तेव्हा वेगळीच गोष्ट खुपते. नाना हे मूळचे फडणीस, म्हणजे जमाखर्चाचे प्रमुख. मराठी राज्यात त्यांच्याइतका हिशेबाचा काटेकोर माणूस सापडणे अवघड. कोतवालीचा हिशेब दरमहा हुजुरात दाखल व्हायचा, तो तपासला जायचा. बटछपाई किती, दंड किती, हे दफ्तराला कळायचे. परंतु दंड ज्याने भरला त्याने तो का भरला, आणि कोठडीत आज रात्री किती माणसे आहेत, हे विचारणारा कारकून त्या व्यवस्थेत दिसत नाही. पकडणारा तोच, कोंडणारा तोच, बहुतेक प्रकरणांत निवाडा करणारा तोच, आणि दंड जमा करणाराही तोच. त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे न्यायचे तर थेट नानांच्या दारी, आणि नानांना शहराची खबर मिळायची ती बरीचशी त्या कोतवालाकडूनच.

सरकारी नोकरीत असताना आम्ही अनेक कार्यालयांच्या तपासण्या पाहिल्या. तपासणी पथक आले की पावतीपुस्तके, रोकडवही, साठानोंद यांची छाननी होते. एक रुपयाचा फरक निघाला तर आक्षेप नोंदविला जातो. बाहेर बाकावर सकाळपासून बसलेला माणूस कशासाठी आला आहे, याची चौकशी पथकाच्या प्रपत्रात नसते. दोनशे वर्षांचे अंतर असूनही चावडीतील ती वही आम्हांस अनोळखी वाटत नाही ती यामुळे.

याचा अर्थ वही निरुपयोगी होती असा नव्हे. रात्री येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद, घरांच्या व्यवहाराची नोंद, वजनांवरचा शिक्का यांनीच शहर शहर राहिले. मोठ्या सरदारांच्या वाड्यांपेक्षा या नोंदींनी सामान्य पुणेकराला अधिक आधार दिला असेल. परंतु नोंद करण्याची सत्ता आणि शिक्षा करण्याची सत्ता एका ठिकाणी आल्या की नित्याचे कामकाजच जुलमाचे साधन होते, आणि त्याला निराळा हुकूमही लागत नाही. रात्रीची तोफ, गस्त, कोठडी हे सर्व नियमानुसारच होते. मेलेली माणसेही नियमानुसारच धरली गेली होती.

पेशवाई संपली. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. १८५७ मध्ये पुण्यात नगरपालिका स्थापन झाली, आणि जुन्या कोतवालाची कामे हळूहळू वेगवेगळ्या खात्यांत वाटली गेली. पुण्याची महानगरपालिका १९५० ची. कोतवाल या शब्दाचे नशीबही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात हे नाव तलाठ्याच्या हाताखालच्या गावकामगाराकडे उतरले, तर मध्य प्रदेशातील अनेक शहरांत मुख्य पोलीस ठाण्याला आजही ‘कोतवाली’ म्हणतात.

सत्तेची ही वाटणी झाल्यामुळे नागरिकाची पायपीट वाढली, हे खरे. सात दारांची तक्रार आम्हीही करीत आलो. घाशीरामाचे प्रकरण वाचल्यावर मात्र त्या सात दारांकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. एका दारी अन्याय झाला तर दुसरे दार ठोठावण्याची सोय त्यांत आहे. ‘एक खिडकी’ योजनांचे स्वागत जरूर करावे. अर्ज देण्याची खिडकी एक असावी. गाऱ्हाणे ऐकणारी मात्र त्याच कचेरीत, त्याच खुर्चीमागे नसावी.

शेवटी आपल्या वाचकांस एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या दरबारी कारकून, फडणीस, कमाविसदार म्हणून आले. त्यांच्या रोजकीर्दी, खते, पावत्या यांचे मोडी कागद अजून काही घरांच्या माळ्यावर असतील. तलवार आणि शालजोडी आपण जपतो, हे कागद मात्र वाळवीच्या हवाली करतो. ते एखाद्या जाणकाराला दाखवावेत, संस्थेकडे द्यावेत, निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आपल्या शहरांतही चावड्या होत्या. तिथे किती रुपये जमा झाले हे त्यांत सापडेलच. ते ज्यांच्याकडून जमा झाले त्यांची नावेही कदाचित एखाद्या पानावर मिळतील.