गिरगावचं भुयारी स्टेशन, आणि आपण

मुंबईत बिऱ्हाड केलेलं माणूस नाही, असं घर आपल्या श्रीवर्धन तालुक्यात शोधावंच लागेल. गिरगाव-काळबादेवी हे त्यातलं जुनं ठिकाण. त्या गिरगावात आता जमिनीखाली मेट्रो थांबते. ८ ऑक्टोबर २०२५ ला मेट्रो-३ च्या कफ परेडपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ भुयारी. चकचकीत फोटो सगळ्यांनी पाहिले. मला त्या स्टेशनच्या डोक्यावर काय होतं ते सांगायचंय.

या भागाला रुळांचं नवल नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्यामागे नाना शंकरशेठ होते. गिरगावच्या मुख्य रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, तिचा एक मार्ग बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला जायचा. पुढे घोडे गेले, वीज आली. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली. त्यानंतर साठ वर्षं इथल्या माणसाला बस, टॅक्सी आणि स्वतःचे पाय!

या चाळींत कोकणातला चाकरमानी राहिला तो भाडेकरू म्हणून. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास जुन्याच आकड्यावर थांबली. भाडेकरू टिकला, पण मालकाने डागडुजीतून हात काढला. पागडी देऊन खोली घेतली, दोन पिढ्या तिथे वाढल्या, तरी कागदावर मालक दुसराच.

मग मेट्रो आली. रस्ता इतका अरुंद, की तो वरून उघडून स्टेशन बांधणं अशक्य. म्हणून गिरगाव आणि काळबादेवीला वेगळी पद्धत वापरली. रस्त्याच्या कडेला खोल विहिरीसारखे खड्डे घ्यायचे, तळाशी पोचायचं आणि तिथून आडवं खोदत रस्त्याखाली जायचं. वरची वाहतूक चालू राहिली, पण खड्ड्यांना आणि जिन्यांना जागा हवी होती. ती जागा म्हणजे लोकांची घरं.

२०१५ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. बाहेरच्यांना वाटलं, हे लोक मेट्रोच्या विरोधात आहेत. त्यांचा प्रश्न साधा होता : जमिनीचे पैसे मालकाला मिळतील, आम्हाला काय? पैसे घेऊन विरार-बदलापूर गाठायचं का? मागणी एकच, पुनर्वसन इथेच, गिरगावातच. शेवटी ते मान्य झालं आणि तिथेच इमारती बांधून घरं द्यायचं ठरलं. भाडेकरू एकजुटीने उभे राहिले म्हणून हे झालं. पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. मेट्रो धावायला लागली तेव्हा गिरगावातल्या पुनर्वसनाच्या इमारतीचं काम पूर्ण झालेलं नव्हतं. गाडी वेळेवर नाही तरी आली, घर अजून मागेच. ज्यांनी जागा सोडली त्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांना परत त्या रस्त्यावर राहायला मिळेल?

आता आपल्याकडे या. दिघी बंदर आपल्याच तालुक्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने दिघी पोर्ट औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. रेवस-रेड्डी सागरी महामार्गही आपल्याच किनाऱ्याने जायचा आहे. रस्ता हवा, रोजगार हवा, त्याबद्दल वाद नाही. पण सातबारा आजोबांच्या नावावर, त्याला वारस वीस, घर कोळीवाड्यात पण कागद नाही, वाडी कसतो एक आणि मालक दुसरा, ही आपली अवस्था चाळीतल्या भाडेकरूपेक्षा वेगळी आहे का? मोजणीवाला दारात आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. वारसनोंद, घरपट्टी, कुळाचे कागद आत्ताच नीट करून ठेवा. आणि पुनर्वसन कुठे होणार, किती दिवसांत होणार, हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी मागा. तोंडी शब्दावर राहू नका.

तुमच्या घरातलं कोणी गिरगाव-काळबादेवीच्या चाळीत राहिलं असेल, तर चाळीचं नाव आणि साल खाली नक्की लिहा. आपल्या गावाचा तोही इतिहासच आहे.