जुनी जीप, नवं इंजिन

इतिहास म्हटलं की आमच्या धारूरात माणसं किल्ल्याकडे बोट दाखवतात. ते साहजिकच आहे. आदिलशाहीतल्या किश्वरखानाने १५६७ साली बांधलेला किल्ला गावाला लागूनच उभा आहे. मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला, मुलांना घेऊन त्या किल्ल्यावर किती वेळा गेलो याची गणती नाही. पण या भागाचं जगणं माझ्या डोळ्यांदेखत ज्या गोष्टीने बदललं, तिचा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. ती गोष्ट म्हणजे जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवलेलं डिझेल इंजिन!

हसू नका मंडळी. हाही इतिहासच आहे. यात युद्ध आहे, तेलाचं राजकारण आहे, कायदा आहे आणि माणसांच्या जिवाचा प्रश्नही आहे.

सुरुवात जीपपासून करू. जीप ही दुसऱ्या महायुद्धाची देणगी. अमेरिकेच्या विलीज कंपनीने ती सैन्यासाठी बनवली. आपल्याकडे महिंद्र कंपनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी करू लागली. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. बीडीओ साहेबांची जीप खेड्यात शिरली की पोरं तिच्या मागे धावायची. सरकार म्हणजे जीप, असंच समीकरण होतं. ही जीप दहा-पंधरा वर्षांनी ‘कंडम’ ठरायची, लिलावात निघायची आणि एखादा हौशी बागायतदार ती विकत घ्यायचा. इंजिन बदलण्याची गोष्ट इथून सुरू होते.

तिकडे जाण्याआधी एक गंमत सांगतो. जुन्या युद्धकाळातल्या जीपचा फोटो आणि आपल्याकडची जुनी महिंद्र जीप शेजारी ठेवून बघा. आपल्या जीपचं बॉनेट उंच दिसेल. का? तर १९५३ साली विलीजने त्या जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचं नवं इंजिन घातलं. ते पहिल्यापेक्षा जास्त ताकदीचं होतं, पण उंचीलाही जास्त होतं. जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीने बॉनेटच उंच केलं. तेच मॉडेल महिंद्रने पुढे कित्येक वर्षं इथे बनवलं. म्हणजे आपण ज्याला जीपचा मूळ चेहरा समजतो, तोच मुळी इंजिन बदलल्याची खूण आहे!

आता तेलाचं राजकारण. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. आपल्याकडे पेट्रोल महागलं. पण ट्रक, एसटी, शेतीचे पंप हे सगळं डिझेलवर चालणारं, म्हणून सरकारने डिझेलचा भाव दाबून ठेवला. पेट्रोल ही श्रीमंतांची चैन आणि डिझेल ही गरिबांची गरज, असा तो हिशेब. दोन्हींच्या भावातली ही दरी पुढे चाळीस वर्षं या ना त्या रूपात टिकली. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले.

आमच्याकडे १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. लिलावात घेतलेली पेट्रोल जीप लिटरला सात-आठ किलोमीटर द्यायची. ती दारात उभी करून तिच्यावर कडबा वाळत घालण्यापलीकडे तिचा उपयोग उरला नव्हता. गाडी फुकाची आणि पेट्रोल लाखाचं, अशी गत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, गाडी तीच ठेवू, इंजिन बदलू.

हे काम कारखान्यात होत नसे. मालकाच्या वाड्यासमोर, लिंबाच्या झाडाखाली होत असे. आमच्या गल्लीत असं एक काम मी सात-आठ दिवस शाळा सुटल्यावर जाऊन बघितलं. इंजिन होतं अपघातात मोडलेल्या ट्रॅक्टरचं. तीन लाकडी बल्ल्यांची तिवई, तिला चेनकप्पी, आणि खाली मिस्त्री व त्याची दोन पोरं. मिस्त्री चौथी शिकलेला. पण त्याचं काम बघताना मला भूमितीचा तास आठवायचा.

अडचण समजून घ्या. जीपच्या गिअरबॉक्सचं तोंड पेट्रोल इंजिनासाठी बनलेलं. ट्रॅक्टरच्या इंजिनाची बोल्टांची भोकं निराळी, व्यास निराळा. दोन्हींच्या मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालावी लागते. तिच्या एका अंगाची भोकं इंजिनाशी जुळली पाहिजेत, दुसऱ्या अंगाची गिअरबॉक्सशी. मिस्त्रीने दोन्ही तोंडांवर पुठ्ठा दाबून, हातोडीने हलके ठोकून भोकांचे ठसे घेतले आणि ते पुठ्ठे घेऊन तो लेथवाल्याकडे गेला. यात एकच गोष्ट चुकून चालत नाही. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांचा मध्य एकाच रेषेत यावा लागतो. केसाएवढा फरक राहिला तरी बेअरिंग आणि क्लच प्लेट थोड्याच दिवसांत खलास. दोन वर्तुळांचा केंद्रबिंदू एक असणं, हे आम्ही फळ्यावर शिकवतो. तो लोखंडात करत होता.

इंजिन बसलं. पण खरी परीक्षा त्यानंतर असते. पेट्रोल इंजिनात ठिणगीने जाळ होतो, तिथे हवा साधारण सातपट दाबली की पुरते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. हवा वीसपटीच्या आसपास दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा आपोआप पेटावा. एवढा दाब सोसायचा म्हणजे इंजिन जाडजूड आणि वजनदार हवं. ते बसलं की जीपचं नाक खाली जातं. मग पुढच्या स्प्रिंगला जादा पाटा घाला. मोठा स्टार्टर, मोठी बॅटरी घाला. रेडिएटर पुढे सरकवा.

आता थोडं गणित. जुन्या जीपच्या मागच्या धुरीतलं प्रमाण ५.३८ ला १ असं होतं. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाक एकदा फिरणार. चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आत. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या मारू शकतं, तेव्हा गाडी ताशी शंभराच्या जवळ जाते. ट्रॅक्टरचं इंजिन २००० च्या आसपास दमतं. मग गाडीचा वेग किती? पन्नास! ताकद भरपूर, पण धाव नाही. म्हणून जाणता मिस्त्री क्राउन-पिनियन बदलायला सांगायचा. मालक म्हणायचा, आपल्याला कुठं शर्यत जिंकायचीय?

आणखी एक मजेशीर गोष्ट. जुन्या जीपचा वायपर पेट्रोल इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालायचा. डिझेल इंजिनात तशी ओढ सहसा नसते. त्यामुळे अशा जीपचा वायपर पहिल्या पावसात कळायचा! मग ड्रायव्हर एका हाताने काचेवर फडकं मारत गाडी चालवायचा.

वायपरचं हसण्यावारी नेता येतं. ब्रेकचं नेता येत नाही. तेलगावकडून धारूरला येताना घाट चढावा लागतो. वळणावळणाचा आणि अपघातांसाठी बदनाम झालेला हा घाट. डिझेल जीप तो घाट बैलासारखी चढायची, त्याबद्दल तिची तारीफ व्हायची. पण जी गाडी चढते तीच उतरते. इंजिनाचं वजन वाढलं, मागे दहा-बारा माणसं कोंबली, आणि ब्रेक मात्र तेच राहिले, हलक्या जीपसाठी केलेले. इंजिन बदलायला पैसे द्यायला मालक तयार असे, कारण ते पैसे डिझेलच्या बचतीतून परत मिळत. ब्रेकवर घातलेला पैसा कुठल्या वहीत परत मिळताना दिसतो?

कंपन्याही तेच करत होत्या, हे इथे सांगायला हवं. सत्तरच्या दशकात महिंद्रनेच आपल्या ‘इंटरनॅशनल बी-२७५’ ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं. पुढे १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि २११२ सीसीचं डिझेल इंजिन आणलं. ते आपल्या इगतपुरीत बनू लागलं. कोलकत्याजवळ बनणाऱ्या ॲम्बेसेडरलाही १९८० च्या सुमारास डिझेल इंजिन मिळालं, आणि नव्वदच्या दशकात जपानच्या इसुझूचं पेट्रोल इंजिन. गाडीचा सांगाडा मात्र पन्नासच्या दशकातला. २०१४ साली बंद होईपर्यंत तो जवळपास तसाच राहिला. मग लिंबाखालच्या मिस्त्रीत आणि कंपनीत फरक काय? कंपनी इंजिनाबरोबर बॉनेट, स्प्रिंग, धुरीचं प्रमाण यांचाही फेरविचार करते आणि तसं कागदावर लिहिते. मिस्त्रीला यातलं पुष्कळ कळत होतं. पण मालक जेवढ्याचे पैसे देईल तेवढंच त्याच्या हातून व्हायचं.

या जीपांनी आम्हाला काय दिलं तेही सांगतो. एसटी गेली की माणूस रस्त्यावर पडायचा. डिझेल जीप आल्या, त्यांच्या मागोमाग काळ्या-पिवळ्या आल्या आणि आडगावचा माणूस बाजाराला, कोर्टाला, कॉलेजला जाऊ लागला. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात सुरू झालं. तिथल्या रुग्णालयात रात्री-अपरात्री अडलेली बाई पोचायची ती कितीदा तरी अशाच जीपमधून. त्या जीपने किती जीव वाचवले आणि घाटात किती घेतले, याची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही.

दप्तराचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं बघू. गाडीत बदल केला तर तो सरकारदरबारी कळवायचा, ही तरतूद १९३९ च्या मोटार कायद्यातही होती. पण आरसी बुकात ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाड्या सर्रास फिरत. अपघात होईपर्यंत कुणाला त्याचं काही वाटत नसे. अपघात झाला की मात्र इंजिनाचा नंबर कागदाशी जुळत नाही, मग विमा अडतो, आणि ज्याचा कर्ता माणूस गेला ते घर कोर्टाच्या पायऱ्या चढत बसतं. १९८८ च्या कायद्याचं ५२ वं कलम २००० साली कडक झालं. निर्मात्याने ठरवलेला तपशील मालकाने बदलायचा नाही. दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला तेवढी मोकळीक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका खटल्यात हेच बजावलं.

मग घरगुती कारागिराने हात बांधून बसायचं का? इथे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची गोष्ट बोलकी आहे. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीचं तंत्र वापरून एक चिमुकली जीप बनवली. ती किक मारून सुरू व्हायची! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी कौतुक केलं आणि हेही सांगितलं, की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या घरी गेली आणि त्यांची जीप कंपनीच्या संग्रहासाठी. मला यात सन्मानही दिसतो आणि थोडी रुखरुखही. कारागिराची बुद्धी कपाटात ठेवण्याजोगी मानली, पण रस्त्यावर आणण्याची वाट त्याला कुणी दाखवली नाही.

आता पुन्हा तीच वेळ आली आहे. जुन्या गाडीतलं इंजिन काढून विजेची मोटार आणि बॅटरी बसवायची किट निघाली आहेत. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ती तपासून मान्यता देतात. पोरं उत्साहाने विचारतात, गुरुजी, आजोबांच्या गाडीत मोटार बसवावी का? मी म्हणतो, जरूर बसवा. पण आधी विचारा, बॅटरीचं वजन कुठे येणार? स्प्रिंग तेच राहणार का? ब्रेक कोण तपासणार? कागदावर काय लिहिणार? १९५३ साली विलीजने नव्या इंजिनासाठी बॉनेट उंच केलं, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न सोडवला होता. नवं काही आत घ्यायचं तर जुन्यालाही जागा करून द्यावी लागते.

आणि एक विनंती. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मिस्त्री अजून असेल, तर त्याच्याजवळ बसा. कुठल्या गाडीत कुठलं इंजिन बसवलं, प्लेट किती जाड घेतली, काय फसलं, ते विचारून वहीत उतरवून घ्या. किल्ल्याच्या बुरुजावर शिलालेख तरी असतो. लिंबाखाली झालेल्या या कामांची नोंद त्याच्या डोक्याशिवाय दुसरीकडे कुठेच नाही.