ओपन जिमचं घराणं

बागेचं नूतनीकरण निघालं की मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात यादी ठरलेलीच असते. प्रवेशद्वार, चालायची पट्टी, गट्टू, हायमास्ट, मुलांसाठी प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि एका कडेला पिवळ्या-निळ्या रंगाची काही मशीनं. या मशीनांना आपण ओपन जिम म्हणतो. वऱ्हाडात ती आता लेआउटमधल्या ओपन स्पेसपासून ग्रामपंचायतीच्या आवारापर्यंत पोचली आहे. तिचा रंग नवा असला तरी घराणं जुनं आहे, आणि त्या घराण्यातली एक शाखा आपल्याच मातीतली आहे.

आपल्याकडे खेळायला वेगळी बाग लागत नसे. नागपंचमीला कडुनिंबाच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला झोका बांधला जाई. वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या रंगत, आणि यात्रा भरली की लाकडी पाळणे येत. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आणि बिरबलनाथ महाराजांच्या मंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाला उरूस आणि यात्रा काही नव्या नाहीत. झोका सणापुरता, पाळणा यात्रेपुरता. काम संपलं की दोर सोडून घरात ठेवला जाई. त्यामुळे गंजण्याचा प्रश्न नव्हता, आणि दोर कोणी तपासायचा हेही विचारावं लागत नव्हतं. ज्यानं बांधला तोच आधी स्वतः लोंबकळून बघे.

मोठ्यांच्या व्यायामाची जागा म्हणजे आखाडा. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्यकालीन ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. वऱ्हाडात ही परंपरा संस्थेच्या रूपात उभी राहिली ती अमरावतीला. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती असं सगळं एका छपराखाली शिकवणारी ही संस्था. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या पथकानं तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत कबड्डीही होती. पश्चिम विदर्भातला व्यायामाचा प्रकार परदेशी बघायला मिळाला तो असा, ओपन जिम आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी.

आखाड्यात साधनं किती असत? सागवानी नाहीतर शिसवी खांब, त्याला चोळलेलं एरंडेल, करेल, जोड्या, आणि खणून भुसभुशीत केलेली माती. त्या मातीत तेल, ताक, हळद घालत. रोज सकाळी कोणीतरी फावडं घेऊन ती उकरत असे, कारण पडणारा माणूस मऊ जमिनीवरच पडायला हवा. हे काम पोरांचं, आणि ते नीट होतंय की नाही हे बघणारा वस्ताद. साधनांची निगा आणि शिकवणं ही दोन कामं तिथे वेगळी नव्हती. मला आखाड्याची ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. अर्थात त्याची एक मोठी उणीव होती. बाईमाणसाला आणि साठीच्या आजोबांना तिथे जागा नव्हती. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी मुलींना दारं उघडली, पण गल्लीतल्या तालमी पुरुषांच्याच राहिल्या.

लोखंडी पाइपाची शाखा परक्या मुलखातली. इंग्लंडमधल्या केटरिंग गावी चार्ल्स विक्स्टीड या कारखानदारानं लोकांसाठी बाग काढली, ती 1921 मध्ये खुली झाली. एका कार्यक्रमापुरते उरल्यासुरल्या पाइपांतून बांधलेले झोके मुलांनी सोडले नाहीत, म्हणून ते कायमचे झाले आणि पुढे कारखान्याचा मालच झाले. त्याच सुमारास अमेरिकेत शिकागोजवळच्या विनेटका इथे सेबॅस्टियन हिंटन या वकिलानं चढण्याउतरण्याची लोखंडी चौकट उभी केली. पेटंटसाठी त्यानं 1920 मध्ये अर्ज केला आणि 1923 मध्ये ते मिळालं. मूळ कल्पना त्याच्या गणितज्ञ वडिलांची. जपानमध्ये असताना त्यांनी मुलांना भूमितीतल्या मिती कळाव्यात म्हणून बांबूंचा सांगाडा बांधला होता. आपल्या बागांतला अर्धगोल पिंजरा, ज्यावर पोरं माकडांसारखी लटकतात, तो याच वंशातला. मुंबईचं कमला नेहरू उद्यान 1952 चं आणि पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी 1956 ची. मुलांची बाग म्हणजे काय याचं चित्र अशा मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत झिरपत आलं.

मशीनांची शाखा सगळ्यात तरुण. 1968 मध्ये झ्युरिकच्या जंगलात एका विमा कंपनीच्या मदतीनं व्यायामाची वाट आखली गेली. ठरावीक टप्प्यावर ओंडका, दांडा आणि काय करायचं ते सांगणारी पाटी. चीननं 1995 मध्ये राष्ट्रीय तंदुरुस्ती कार्यक्रम जाहीर केला आणि क्रीडा लॉटरीचा पैसा वस्त्यावस्त्यांतल्या व्यायामाच्या साधनांकडे वळवला. एअर वॉकर, कंबर फिरवायची तबकडी, बसून ढकलायचा दांडा हे सगळं तिथे घरोघरीच्या आजी-आजोबांचं झालं आणि मग जगभर निघालं. आपल्याकडे सकाळी साडी नेसलेल्या बायका न लाजता व्यायाम करताना दिसतात, त्याचं मोठं श्रेय या मशीनांना द्यायलाच हवं. तालमीनं जे केलं नाही ते यांनी केलं.

मग बिघडतं कुठे? एअर वॉकरपाशी जाऊन बघा. दोन लोंबत्या पायऱ्या, वर आडवा दांडा आणि सांध्यात बेअरिंग. बेअरिंग कोरडं पडलं की एक पायरी जड होते, माणूस नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो आणि गुडघा दुखायला लागतो. पावसाळ्यात बोल्ट गंजतो. शाळा सुटल्यावर पोरं त्यावर झोका घेतात, तेव्हा बोट अडकायची भीती असते. 2015 च्या युरोपीय मानकाप्रमाणे ही साधनं 1.40 मीटरपेक्षा जास्त उंचीच्या माणसांसाठी आहेत. ती घसरगुंडीला चिकटून बसवणं म्हणजे लहानग्यांना आमंत्रणच.

आपली जमीनही इथे आड येते. वाशिम जिल्ह्याचा बराच भाग काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फूट-दीड फूट काँक्रीट ओतून बसवलेला खांब अशा मातीत सरळ राहत नाही. पाया मुरमापर्यंत नेला पाहिजे हे गावातला कोणताही जुना गवंडी सांगेल. उन्हाचंही तेच. वऱ्हाडात मे महिन्यात पत्र्याच्या घसरगुंडीवर हात टेकवत नाही. सावली देणारं झाड तोडून तिथे शेड उभारणं मला कधीच पटलेलं नाही. आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी गट्टू बसवणारे आखाड्याच्या मातीचा धडा साफ विसरले आहेत. तिथे वाळूच हवी, आणि ती अधूनमधून उकरायला हवी.

पैसा आणि कायदा यांची वाट थोडक्यात सांगतो. 74 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं शहरी संस्थांच्या विषयांत आली, तीही बाराव्याच क्रमांकावर. 2015 च्या अमृत योजनेत उद्यानांसाठी वेगळा वाटा होता, पण ती योजना प्रामुख्यानं लाखावरच्या शहरांची. 2011 च्या जनगणनेत वाशिम शहरही लाखाच्या आत, मग मंगरूळपीरचं काय? लहान गावांना आधार जिल्हा नियोजन समितीचा, आमदार निधीचा आणि क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा अनुदानाचा. या वाटांनी साहित्य येतं, लोकार्पण होतं, फलक लागतो. पुढचं ग्रीस कोण भरणार हे बहुतेकदा कागदावर येतच नाही.

या घराण्याचा मागोवा घेताना माझं एक मत पक्कं झालं. झोक्याला बांधणारा होता, आखाड्याला वस्ताद होता, विक्स्टीडच्या पाइपांना त्याचाच कारखाना होता. आपण आणलेल्या मशीनांना मात्र कोणी वाली नाही. नूतनीकरणात दोन मशीनं कमी घेऊन त्या पैशातून सकाळ-संध्याकाळ बागेत थांबणारा एक माणूस नेमला, तर बाग कितीतरी जास्त वर्षं चालेल. त्याला तेलपाणी, नट-बोल्ट आणि साधा व्यायाम सांगता आला म्हणजे पुरे. अमरावतीच्या मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकून बाहेर पडणारी मुलं याच भागातली आहेत.

मंगरूळपीरकरांना एवढीच विनंती. तुमच्या बागेचं अंदाजपत्रक तयार होईल तेव्हा ते नगर परिषदेत जाऊन वाचा, आणि त्यात तीन गोष्टी आहेत का ते बघा. मुरमापर्यंतचा पाया, घसरगुंडीखाली वाळू आणि देखभालीसाठी माणूस. नसतील तर सभेत ठराव होण्याआधीच लेखी हरकत द्या.